गाणे आपले, गाणारी परकी?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या भाषणात थोर स्त्रियांची चरित्रे सांगावीत, फार तर घरसंसाराच्या चार हिताच्या गोष्टी सांगाव्यात, असा आपला रिवाज आहे. मी आज तमाशा आणि लावणी यांविषयी बोलणार आहे. पुढील वर्षीच्या समारंभात लावणीचा कार्यक्रम ठेवावा, अशी सूचना कार्यकारिणीत आली तेव्हा निम्म्या भगिनींनी टाळ्या वाजवल्या आणि निम्म्यांनी नाके मुरडली. एकीने तर स्पष्टच विचारले, "आपल्या मंडळात तमाशा? मग हळदीकुंकू कुठे करायचे?" प्रश्न रागाच्या भरात विचारलेला असला तरी खरा आहे. त्याचा विचार आपण सर्वांनी मिळून करावा, म्हणून तो आज तुमच्यापुढे ठेवते.

माझे माहेर वाळवे तालुक्यातले आणि सासर सातारचे. तसे पाहिले तर दोन्ही घरे एकाच वाड्यातली. 1949 साली सातारा जिल्ह्यातून दक्षिण सातारा वेगळा झाला आणि 1960 साली त्याला सांगली हे नाव मिळाले. आपल्या या मुलखात 'फड' हा शब्द तीन ठिकाणी चालतो : उसाचा फड, कुस्तीचा फड आणि तमाशाचा फड. पोट, मनगट आणि मन या तिघांची सोय एका शब्दाने झाली आहे! गावच्या जत्रेत रात्री पालखीचा छबिना निघतो, मग तमाशा उभा राहतो आणि दुसऱ्या दिवशी कुस्त्या होतात. देवाच्या नावाने जी वर्गणी जमते तिच्यातूनच फडाची सुपारी दिली जाते. म्हणजे तमाशा देवाला चालतो, गावाला चालतो. माझ्या माहेरी बायका मात्र कधी पुढे बसत नसत. माळवदावर घोंगडी अंथरून त्या लांबून ऐकत. ढोलकीचा आवाज रात्री दूरवर जातो. शब्द अर्धे कळायचे आणि उरलेले पुरुषांच्या हशावरून ओळखायचे.

लोकांना याचे एवढे वेड का, हे आधी पाहू. पहिले कारण म्हणजे ढोलकी. शास्त्रोक्त गाणे समजायला कान तयार व्हावा लागतो. ढोलकी आणि तुणतुण्याला तेवढी वाट पाहावी लागत नाही. दुसरे कारण भाषा. आपण घरात, रानात, बाजारात जे बोलतो तेच तेथे ठसक्यात ऐकू येते. तिसरे कारण मला सर्वांत मोठे वाटते. तमाशात आधी गण होतो, मग गवळण, मग बतावणी आणि लावण्या, आणि शेवटी वग. या साऱ्या मांडणीत सोंगाड्याला मोठ्या माणसांची टोपी उडवायची मुभा असते. पाटील, सावकार, फौजदार, खुद्द राजासुद्धा त्याच्या तावडीतून सुटत नाही. कवलापूरच्या काळू-बाळू या जुळ्या भावांनी 'जहरी प्याला' या वगात हवालदारांची जी जोडी उभी केली, तिला पाहून हसलेले लोक आपल्या सांगली भागात घरोघरी सापडतील. दिवसभर ज्याच्यापुढे मान खाली घालायची, त्याला रात्री मनसोक्त हसायचे, हे सुख गरिबाला दुसरीकडे कुठे मिळणार?

या साधनाची ताकद जाणत्यांनीही ओळखली होती. सत्यशोधक समाजाच्या मंडळींनी आपले विचार खेड्यात नेले ते जलशातून, आणि जलसा म्हणजे तमाशाचाच साचा. वाटेगावचे अण्णाभाऊ साठे यांनी 1944 साली अमरशेख आणि गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक उभारले आणि तमाशाला कामगारांच्या प्रश्नांवर बोलायला लावले. वाईजवळच्या पसरणीचे शाहीर साबळे यांनी लोकगीते आणि मुक्तनाट्ये मोठ्या रंगमंचावर आणली. हे दोघेही आपल्याच मातीतले.

आता दुसरी बाजू. तमाशा न आवडणाऱ्या भगिनींची बाजू मी हलकी मानत नाही. नवऱ्याने हंगामाचा पैसा बारीवर उधळला आणि घरी चूल थंड राहिली, असे घडलेली घरे आपल्या माहितीत आहेत. नाचणाऱ्या बाईवर नोटा फेकायच्या, ती नोट घ्यायला जवळ आली की हात धरायचा, द्व्यर्थी बोलायचे, या प्रकाराला रसिकता म्हणता येणार नाही. हा तिटकारा योग्य आहे आणि तो थोरांनीही बाळगला आहे. पट्ठे बापूरावांनी अस्पृश्यांच्या चळवळीसाठी देऊ केलेला पैसा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतला नाही, असे नमूद आहे. कारण तो आपल्या समाजातील स्त्रियांना नाचवून मिळवलेला पैसा होता. त्या नकारात गाण्याचा द्वेष नव्हता. गाणारीच्या अब्रूची चाड होती. हा फरक भगिनींनो, नीट लक्षात ठेवा.

कारण आपल्या नापसंतीत ही चाड कितपत असते, याची मला शंका आहे. काही दाखले देते.

सांगलीला आपण नाट्यपंढरी म्हणतो. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी तेथे 'सीतास्वयंवर' केले, तेव्हा त्यात बायकांची कामे पुरुषांनीच केली आणि पुढे कित्येक वर्षे तशीच चालली. बालगंधर्व रंगभूमीवर लुगडे नेसून आले तर घरंदाज बायकांनी त्यांच्या नेसण्याचे, दागिन्यांचे अनुकरण केले. पुरुषाने नेसलेले लुगडे आपल्या आजीला शोभले. तमाशात मात्र खरीखुरी बाई उभी होती, आणि तिच्या वाऱ्यालाही कोणी उभे राहिले नाही.

दुसरा दाखला चित्रपटाचा. 1959 साली अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' आला. पुण्याच्या एकाच चित्रपटगृहात तो 131 आठवडे चालला. त्यातली लावणी आजही लग्नाच्या वऱ्हाडात वाजते आणि आपण माना डोलावतो. ती लिहिली ग. दि. माडगूळकरांनी, ज्यांचा जन्म आपल्या शेटफळ्याचा आणि ज्यांनी 1955 साली गीतरामायण लिहिले. ती गायली आशा भोसले यांनी, ज्यांचा जन्म 1933 साली सांगलीत झाला. एका लेखणीतून रामकथा आणि लावणी दोन्ही उतरल्या, म्हणून कोणी गदिमांना नावे ठेवली नाहीत, आणि ठेवू नयेत. परंतु याचा अर्थ असा, की लावणीत मूळचा दोष काही नाही. लेखणी प्रतिष्ठिताची असली, गळा नामवंत गायिकेचा असला, की तीच लावणी आपल्या दिवाणखान्यात येऊन बसते. जिच्या पायांतल्या चाळांवर ती वाढली, ती बाई मात्र अंगणातही येऊ शकत नाही.

तिसरा दाखला पट्ठे बापूरावांचाच. वाळवे तालुक्यातल्या रेठरे हरणाक्ष गावचे हे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जन्म 1866 चा. कुलकर्णीपण आणि घरदार सोडून ते तमाशात गेले. हिवरगाव पावशाची पवळा त्यांच्या फडात आली आणि दोघांनी महाराष्ट्र वेडा केला. ब्राह्मणाने तमाशात जावे आणि महार स्त्रीबरोबर राहावे, हे त्या काळच्या समाजाला सोसले नाही. 1945 साली बापूराव हलाखीत वारले. पुढे पाच वर्षांच्या आत त्यांच्यावर चित्रपट निघाला आणि त्यांच्या लावण्यांचा अभ्यास होऊ लागला. हे योग्यच झाले. पण पवळेचे काय? ज्या आवाजाने आणि अदेने त्या लावण्या गावोगाव पोहोचल्या, त्याच्याविषयी आपण मुलींना काय सांगतो? बापूरावांनी जात सोडली म्हणून त्यांचा त्याग मानला गेला. पवळेकडे सोडायला तेवढेही नव्हते; तिचे नाचणे हे तिच्या जन्माचेच काम समजले गेले.

यावर कोणी म्हणेल, आता काळ बदलला आहे. नावे बदलली हे खरे. स्वातंत्र्यानंतर पहिल्या काही वर्षांत मुंबई राज्याच्या सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. ती उठली तेव्हा संहिता तपासून घेण्याची अट आली, आणि 'तमाशा'ऐवजी 'लोकनाट्य' हा सोवळा शब्द रूढ झाला. ही गोष्ट आपल्याकडेच घडली असे नाही. अमेरिकेत दक्षिणेकडच्या गरीब शेतकऱ्यांच्या गाण्याला शहरी लोक 'हिलबिली' म्हणत, म्हणजे डोंगरातला गावंढळ. नॅशव्हिलच्या रेडिओवरून 1925 पासून हे गाणे दर आठवड्याला लागे आणि लाखो लोक ऐकत. तरी ऐकणाऱ्यालाही त्याची लाज वाटे. 1940 च्या दशकाच्या अखेरीस गायकांनी आणि ध्वनिमुद्रिका काढणाऱ्यांनी 'कंट्री' हे नाव पुढे आणले. गाणे तेच राहिले, नावाला प्रतिष्ठा आली. खेड्यातल्या गाण्याचा तिरस्कार हा पुष्कळदा खेड्यातल्या माणसाचाच तिरस्कार असतो, हे यावरून दिसते. मात्र आपल्याकडे त्यात जात आहे आणि बाईपणही आहे, म्हणून आपली गाठ अधिक घट्ट बसलेली आहे.

तरी ती सुटतच नाही असे नाही. वाईच्या यमुनाबाई वाईकर यांचा जन्म 1915 सालचा, कोल्हाटी समाजातला. घरची अत्यंत गरिबी, शिक्षणाचे नाव नाही. बसून, नुसत्या चेहऱ्याने आणि हाताने अर्थ उलगडणारी बैठकीची लावणी त्यांनी अशी जपली, की 1977 साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि 2012 साली पद्मश्री त्यांच्याकडे चालत आली. 2018 साली शंभरी ओलांडून त्या गेल्या. वाई येथून हाकेच्या अंतरावर. दिल्लीने त्यांना खुर्ची दिली. आपल्या जिल्ह्यातल्या किती महिला मंडळांनी दिली असेल, याचा हिशेब ज्याने त्याने मनाशी करावा.

आता हळदीकुंकवाच्या प्रश्नाकडे येते. फडावर नाचणाऱ्या कोल्हाटी मुलीचे रीतसर लग्न होत नाही, अशी त्या समाजात चाल होती. डॉ. किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' 1994 साली निघाले. त्यांनी वडिलांच्या नावाच्या जागी आईचे नाव लावले. ज्यांनी ते वाचले नसेल त्यांनी मंडळाच्या वाचनालयासाठी मागवून अवश्य वाचावे. अशा स्त्रीला कुंकू लावायचे कोणाच्या नावाचे, असे आपण विचारतो. मी उलट विचारते : जी बाई साऱ्या कुटुंबाचे पोट आपल्या पायांवर चालवते, भावांची लग्ने करून देते, म्हाताऱ्या आईबापांना पोसते, तिच्या कपाळाला आपण कोणत्या तोंडाने नाही म्हणावे? आपल्या मंडळाने विधवा भगिनींना कुंकू लावायला सुरुवात केली, त्या वेळीही नाके मुरडली गेली होती. आज त्याची आठवणसुद्धा कोणाला नाही.

म्हणून माझे मत असे, की कार्यक्रम ठेवावा. पण तो आपल्या रीतीने ठेवावा. शहरांतून अलीकडे केवळ महिलांसाठी लावणीचे प्रयोग होतात आणि बायका शिट्ट्या वाजवून नाचतात. मोकळेपणाचा मला आनंद आहे. परंतु पुरुषांचा उधळेपणा बायकांनी उचलला म्हणजे सुधारणा झाली, असे मी मानत नाही. आपण पैसे उधळणार नाही. ठरलेली बिदागी आधी, पाकिटात घालून, सन्मानाने देऊ. ध्वनिफितीवर नाच न ठेवता ढोलकी, पेटी आणि तुणतुणे वाजवणाऱ्या साथीदारांसह बोलावू, म्हणजे त्यांच्याही घरी चार पैसे जातील. आपल्या मुलींना आणि सुनांना पुढे बसवू. गाणे संपल्यावर कलावतीला चार शब्द बोलायची विनंती करू, कारण तिचे गाणे सर्वांनी ऐकले आहे, तिचे बोलणे फार थोड्यांनी. आणि नंतर हळदीकुंकवाचे तबक फिरेल तेव्हा ते पहिल्यांदा तिच्यापुढे जाईल.

ज्या भगिनींना लावणी आवडत नाही त्यांनी ती ऐकू नये. आवडनिवड ही ज्याची त्याची. फक्त त्या तबकाच्या वेळी त्यांनी हजर राहावे, एवढी माझी हात जोडून विनंती आहे.