डाग आधी ओळखा, मग काढा

(रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या हळदीकुंकवाच्या कार्यक्रमातील भाषण)



महिला मंडळाने मला डाग काढण्यावर बोलायला सांगितलं तेव्हा आधी हसूच आलं. पण पंचवीस वर्षं आपल्या सगळ्यांचे कपडे एकाच गच्चीवर वाळताहेत. कुणाच्या घरी कशाचा डाग पडला, हे इथे लपत नाही!

पहिली गोष्ट, डाग कशाचा ते बघा. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो आणि आपण घाबरतो. साबणातल्या क्षाराने हळदीचा रंग बदलतो, इतकंच. लिंबू पिळलं की परत पिवळा. कपडा धुवून ओलाच कडक उन्हात टाका. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. जेजुरीला भंडाऱ्यात माखलेला पांढरा सदरासुद्धा दोन-तीन उन्हांत बराच निवळतो.

रक्ताच्या आणि दुधाच्या डागाला गरम पाणी लावू नका, तो पक्का बसतो. गार पाण्यात भिजवा, रक्ताला थोडं मीठ चोळा. तेलाच्या डागावर आधी पाणी नको. टाल्कम पावडर टाकून अर्धा तास ठेवा, झटका, मग भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब. बॉलपेनच्या शाईला सॅनिटायझर. खाली जुनं फडकं धरून कापसाने टिपा, चोळलं तर पसरते. पांढऱ्या सुती कपड्यावरच्या गंजाला लिंबू, मीठ आणि ऊन. गंजावर ब्लीच टाकलं तर डाग उलट वाढतो.

टोमॅटो तोडून आलेल्या बायका हिरवे-काळे झालेले हात टोमॅटोनेच चोळून साफ करतात, ते आपण पाहतोच. ती करामत आंबटपणाची. मात्र रेशमाला यातलं काही नको. त्याला रिठ्याचं पाणी, तेही आधी आतल्या कोपऱ्यावर लावून बघायचं.

आता खरं सांगायचं ते सांगते. काही वर्षांपूर्वी मुलाच्या शाळेच्या शर्टावर भाजीचा डाग पडला. ब्लीच टाकलं, जाईना. म्हटलं, बाथरूम धुवायचं अ‍ॅसिडही थोडं टाकून बघू. दार लावलेलं. क्षणात उग्र वास आला, डोळे चुरचुरले, खोकला थांबेना, श्वास घेता येईना. खोकणं ऐकून शेजारच्या काकू धावत आल्या, मला ओढत गॅलरीत नेलं, घराच्या खिडक्या उघडल्या आणि लगेच दवाखान्यात घेऊन गेल्या. ब्लीचमध्ये अ‍ॅसिड पडलं की क्लोरीन वायू सुटतो, हे मला डॉक्टरांकडून कळलं. व्हिनेगर आणि लिंबूही ब्लीचमध्ये घालायचं नाही. एका वेळी एकच उपाय, दार-खिडकी उघडी, आणि दुसरा करण्याआधी कपडा भरपूर पाण्यात खळबळून घ्या. सुनांना, मुलींना, कामाला येणाऱ्या मावशींनाही हे आजच सांगा.

तो शर्ट मी पुढे पोछ्याला वापरला. शर्ट दुसरा मिळाला. काकू त्या दिवशी घरी नसत्या तर मी आज तुमच्यासमोर उभी नसते. त्या इथे पहिल्या रांगेत बसल्यात. त्यांना हात जोडून मी माझे दोन शब्द संपवते.