चालत्या घराचा डिझेलचा हिशोब



माझे शिक्षण सातवीपर्यंत. पण दुधाचा, वाण्याचा हिशोब वीस वर्षे लिहिते आहे, त्या जोरावर चार शब्द बोलते.

२०२१ साली राज्य सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. तेव्हापासून आमच्या ह्यांच्या मनात होते. शेवटी भाऊजी व हे मिळून एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन आले व तिचे चालते घर केले. निजायला बाके, ओटा, मोरी, सारे आत. माझ्या पाटल्या त्यापायी गहाण पडल्या. विकणारा म्हणाला, लिटरला १२ किलोमीटर जाईल. त्यावरच भाडे ठरणार होते.

मुलुंडहून गणपतीपुळे, येऊन-जाऊन सुमारे ७०० किलोमीटर. निघताना टाकी काठोकाठ भरली, परतल्यावर त्याच पंपावर पुन्हा भरली. वाटेतले धरून ८४ लिटर! म्हणजे लिटरला जेमतेम आठ.

भाऊजी म्हणाले, "वहिनी, गाडीत खोट आहे."

मी म्हटले, "भाऊजी, १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो ओझे. माणगावच्या रांगेत इंजिन धडधडत होते. रात्री गाडी उभी, तरी गारव्यासाठी ते चालूच. ते डिझेल कोणत्या किलोमीटरांत धरायचे?" (मी पाटा-वरवंटा नेला होता, हेही कबूल करते.)

दुसऱ्या खेपेला पाणी तिथे पोहोचून भरले, रात्री खिडक्या उघडल्या. ७४ लिटर लागले. ह्यांना साडेनऊ धरायचे होते. मी भाड्यासाठी आठच धरायला लावले. पैसे मोजणारे गिऱ्हाईक खिडक्या उघडून थोडेच निजणार? दर चढा झाला, दोघे परत गेले. पाटल्या अजून सोनाराकडेच आहेत.