संगणकाचें थारोळें



मोटेवर शेती होत असे त्या काळीं आमच्या चकलांब्याच्या शिवारांत, किंबहुना साऱ्या मराठवाड्यांत, विहिरीच्या कांठीं थारोळें असे. मोट पाणी ओती तें एकदम, भडाभडा. पिकाला मात्र तें पाटानें संथपणें जावें लागे. या दोन गतींची सांगड थारोळें घालून देई. आजच्या संगणकांतहि असेंच थारोळें असतें. त्यास बफर म्हणतात. स्मृतीचा कांहीं भाग त्याकरितां राखून ठेवलेला असतो. कळफलकावरून, तबकडीवरून किंवा तारेवरून आलेली माहिती तेथें घटकाभर विसावते आणि आज्ञावली ती आपल्या सवडीनें उचलते.

ही सोय काटकसरीनें वापरण्याचे तीन नियम आहेत. पहिला असा कीं, वारंवार खेपा घालूं नयेत. आपण एकेका जिन्नसासाठीं बाजारांत जात नाहीं; यादी करून पिशवी भरून आणतों. संगणकाच्या कार्यप्रणालीकडे केलेल्या प्रत्येक मागणीस वेळ लागतो. ४०९६ अक्षरें एकेक करून मागितलीं तर तितक्याच खेपा होतात. एकदम मागितलीं तर बहुधा एकींतच काम भागतें.

दुसरा नियम, माल उगाच हलवूं नये. याकरितां बफर घड्याळाच्या तबकडीप्रमाणें वर्तुळाकार मानतात. बारानंतर जसा पुन्हां एक, तसें शेवटच्या घरानंतर पुन्हां पहिलें घर. एक कांटा कोठें लिहावयाचें तें दाखवितो, दुसरा कोठून वाचावयाचें तें. माहिती जागची हलत नाहीं. कांटे तेवढे फिरतात. पण दोन्ही कांटे एकाच घरावर आले, तर बफर रिकामा समजावा कीं भरलेला? हा पेंच सोडविण्यासाठीं पुष्कळदां एक घर मुद्दाम मोकळें ठेवतात. कांटे जुळले तर रिकामा. लिहिणारा वाचणाऱ्याच्या एकच घर मागें येऊन ठेपला तर भरलेला.

तिसरा नियम मर्यादेचा, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा. थारोळें ओसंडलें तर चार वाफे बिघडतात. बफर ओसंडला तर शेजारच्या स्मृतींतील मजकूर बिघडतो. २ नोव्हेंबर १९८८ रोजीं अमेरिकेंत रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्यानें सोडलेली आज्ञावली हजारों संगणकांत पसरली, असा अंदाज आहे. तिच्या वाटांपैकीं एक हीच होती. ५१२ अक्षरांच्या बफरांत तिनें ५३६ अक्षरें ओतलीं. जास्तीच्या अक्षरांनीं परतीचा पत्ता बदलला, आणि यंत्र धन्याची आज्ञा सोडून परक्याची पाळूं लागलें. लांबी न विचारतां माहिती आंत घेणारी 'गेट्स' ही सोय याला कारण झाली. सी भाषेच्या २०११ च्या प्रमाणांतून ती काढून टाकण्यांत आली.

मग बफरच मोठा केला तर? पैठणच्या जायकवाडी धरणाचा जलाशय केवढा विशाल! तरीहि त्यास २७ दरवाजे ठेवावे लागले. येवा जावकीहून सतत अधिक असेल, तर कोणतेंहि भांडें अखेर भरणारच. म्हणून शहाणी आज्ञावली माहिती पाठविणाऱ्यास वेळींच 'थांब' म्हणून सांगते.

आपल्या बँकेंतील ठेव, रुग्णाचे अहवाल, मुलांचे निकाल हें सारें आज अशाच थारोळ्यांतून वाहत असतें. तें बांधणाऱ्या तरुणांस माझें एवढेंच सांगणें आहे: माप घेतल्यावांचून ओतूं नका.