यंत्र आजच्या वजनाचं घ्या

घरात व्यायामाचं एखादं साधन घ्यावं, हा विचार बहुधा दोन वेळी मनात येतो. दसरा-दिवाळीच्या सवलतींच्या जाहिराती सुरू झाल्या की, नाहीतर साखरेचा रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी वजन कमी करायला बजावलं की. मग आपण किंमत पाहतो, मोटार किती ताकदीची ते विचारतो, पडद्यावर काय काय दिसतं तेही पाहतो. एक आकडा मात्र सहसा नजरेतून सुटतो. हे यंत्र किती किलोच्या माणसाला पेलतं? ज्यांचं वजन नव्वद, शंभर, एकशेवीस किलो आहे, त्यांच्यासाठी बाकी सगळं त्यानंतर. माझं म्हणणं एवढंच, की यंत्र आजच्या वजनाला पेलणारं घ्यावं. पुढच्या वर्षी जे वजन व्हावं असं वाटतं, त्याच्या हिशेबानं घेऊ नये.

हा मूठभर लोकांचा प्रश्न नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या २४ टक्के स्त्रिया आणि जवळपास २३ टक्के पुरुष यांचा देहभार निर्देशांक, म्हणजे बीएमआय, २५ किंवा त्याहून अधिक निघाला. बाजारात मात्र स्वस्तातल्या घरगुती ट्रेडमिलवर ९०, १०० किंवा ११० किलो अशी मर्यादा लिहिलेली असते. शिवाय तो आकडा काठावरचा असतो. चालताना प्रत्येक पावलाला जमिनीवर वजनापेक्षा थोडा जास्त भार पडतो, धावताना तो दुप्पट-अडीचपट होतो. म्हणून शंभर किलो मर्यादेच्या यंत्रावर अठ्ठ्याण्णव किलोच्या माणसानं रोज चालणं म्हणजे यंत्राला कायम शेवटच्या टोकावर राबवणं. निदान पंधरा-वीस किलोंची सवड ठेवावी, असं मी म्हणेन. आणि आकडा जाहिरातीत वाचून भागत नाही, यंत्रावरच्या पट्टीवर वाचावा. आयएसओ २०९५७ या आंतरराष्ट्रीय मानकात घरगुती वापराचा वर्ग ‘एच’ आणि व्यायामशाळेचा ‘एस’ असा वेगळा धरलेला आहे. विक्रेत्याला त्याबद्दल विचारलं तर काही बिघडत नाही. उत्तर काय येतं, त्यावरूनही बरंच कळतं.

आता आपल्या वर्ध्यातल्या घरात ट्रेडमिल कशी चालते ते बघू. माणूस जड आणि चाल हळू, हीच ट्रेडमिलची खरी परीक्षा. वेगानं पळणाऱ्या हलक्या माणसापेक्षा हळू चालणारा जड माणूस मोटारीला जास्त दमवतो, हे ऐकायला उलटं वाटेल. पण पाऊल पडलं की पट्टा खालच्या फळीवर दाबला जातो, घर्षण वाढतं, मोटार जास्त वीज ओढते. आणि गती कमी असल्यानं मोटारीचा स्वतःचा पंखाही मंद फिरतो, म्हणजे ती थंड होत नाही. त्यात आपला मे महिना. पारा पंचेचाळीसच्या पुढे, घराघरात कूलर सुरू, आणि संध्याकाळी व्होल्टेज खाली. पट्टा पावलागणिक अडकल्यासारखा झाला की माणूस कठडा धरतो, आणि आपलंच काहीतरी चुकतंय असं त्याला वाटतं. चुकलेलं असतं ते मोटारीचं गणित. तेव्हा जाहिरातीतली ‘पीक’, म्हणजे क्षणभराची कमाल, अश्वशक्ती सोडा, सतत चालताना किती अश्वशक्ती मिळते ते विचारा. पट्ट्याची रुंदी पन्नास सेंटिमीटरच्या आसपास हवी, कारण मांड्या जाड असल्या की पावलं आपोआप फाकून पडतात. घरातल्या नेहमीच्या इन्व्हर्टरवर ट्रेडमिल चालेल हा भरवसा धरू नका. आणि वीज अचानक गेली तर धरायला हाताशी काय आहे, हे आधीच पाहून ठेवा.

यावर पहिला आक्षेप येतोच: यंत्र हवंच कशाला, चाला की! गांधीजी १९३६ साली सेवाग्रामला राहायला आले. त्यांचं रोजचं फिरणं जगाला ठाऊक आहे, तेव्हा वर्ध्यात बसून चालण्याविरुद्ध कोण बोलेल? पहाटे मोकळा रस्ता आणि धड गुडघे असतील, त्यांनी चालावंच. त्याच्याइतकं स्वस्त काही नाही. पण पहाटे डबे आणि पाणी भरण्यात अडकलेली बाई सकाळी नऊला उन्हात निघणार कशी? रस्त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यांचे शेरे जाड माणसाला, त्यातही जाड बाईला, जास्त ऐकावे लागतात, हेही लपवण्यात अर्थ नाही. आणि गुडघेदुखी असलेल्यांवर अमेरिकेत झालेला, २००५ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो, की वजन एक किलो उतरलं तर पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. याचा उलटा अर्थही ध्यानात घ्या. वजन आहे तोवर तो भार गुडघा सोसतोच आहे.

म्हणूनच पुष्कळांसाठी ट्रेडमिलपेक्षा पाठ टेकून बसायची व्यायामाची सायकल बरी. तिला ‘रिकम्बंट’ म्हणतात. तिची गादी खुर्चीसारखी रुंद, पाय पुढे करून टेकून बसता येतं, अंगाचा भार गुडघ्यावर न येता बैठकीवर येतो, आणि चुंबकावर चालणारी साधी सायकल विजेशिवायही फिरते. उभी सायकल स्वस्त मिळते. पण तिची अरुंद गादी जड माणसाला दहा मिनिटांत नकोशी होते. घरातली सायकल शेवटी कपडे वाळत घालायलाच होते, असं हसून म्हणतात. त्याचं खापर नेहमी आळसावर फोडलं जातं. माझ्या मते निम्मा दोष त्या गादीचा आहे.

दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे. वजन उतरणारच आहे, मग मोठं, महागडं यंत्र आज का घ्या? मुळात नुसत्या व्यायामानं वजन फारसं उतरत नाही. ते उतरतं मुख्यतः खाण्यातल्या बदलानं, आणि तेही सावकाश. पण वजनकाटा हलला नाही तरी रक्तातली साखर, रक्तदाब आणि स्नायूंची ताकद यांना व्यायामाचा फायदा मिळतोच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितला आहे. तो एका दमात दहा मिनिटं तरी हवा, ही जुनी अट काढून टाकली आहे. म्हणजे आजच्या वजनावर, आजच्या दमावर, पाच-पाच मिनिटं करता येईल असंच साधन लागतं. वजन पुढे उतरलं तर भक्कम यंत्र काही निकामी होत नाही.

राहिला पैशांचा प्रश्न. ज्याच्याकडे पैसे कमी, त्यानं स्वस्त यंत्राच्या मागे न लागता भक्कम खुर्ची घ्यावी. लाकडी किंवा लोखंडी, भिंतीला टेकवलेली. प्लास्टिकची नको, गुळगुळीत फरशीवर तिचे पाय फाकतात. हात न टेकता त्या खुर्चीतून उठायचं आणि हळूहळू बसायचं. ११० किलोचा माणूस दर वेळी उठताना स्वतःचं बरंचसं वजन उचलतो. पायांसाठी त्याला वेगळे डंबेल्स लागत नाहीत. जोडीला दोन रबरी पट्टे. आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम करा, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच शिफारशीत आहे; तो यातून होतो. गुडघा सुजलेला असेल, छातीत दुखत असेल किंवा चालताना धाप लागत असेल, तर खरेदीच्या आधी सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात किंवा सावंगीच्या रुग्णालयात दाखवून या. सावंगीला फिजिओथेरपीचं महाविद्यालयही आहे.

यंत्र घ्यायचंच ठरलं तर दुकानात त्यावर पायताण घालून उभे राहा, दहा मिनिटं चालवा, लाजू नका. वजनमर्यादेच्या पट्टीचा फोटो काढा, बिल जपून ठेवा, आणि दुरुस्तीला माणूस वर्ध्याला येणार की नागपुरातूनच ‘बघू’ म्हणणार, ते लेखी घ्या. लिहिलेल्या मर्यादेच्या आतल्या वजनानं यंत्र मोडलं, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात, म्हणजे वर्ध्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात, तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला त्यासाठी शुल्क लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.