आवरणाचे महत्त्व : अब्जांश कण, औषध आणि पुरवठा
(आर. के. पुरम, नवी दिल्ली येथील व्याख्यान)



अब्जांश तंत्रज्ञानाचा विषय निघाला की चर्चा होते ती कणांच्या आकाराची. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. परंतु वैद्यकात तितकाच निर्णायक प्रश्न असतो तो म्हणजे, हा कण पाण्यात टिकेल काय? लोह ऑक्साइडचे अनावृत कण रक्तात परस्परांना चिकटतात. डेक्स्ट्रानसारख्या जलस्नेही बहुवारिकाचे आवरण दिल्यास ते विखुरलेले राहतात.

औषधांनाही हेच तत्त्व उपयोगी पडते. अँफोटेरिसिन-बी हे बुरशीविरोधी औषध पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. पित्तक्षाराच्या साहाय्याने दिल्यास ते मूत्रपिंडालाही इजा करते. फॉस्फोलिपिड या मेदद्रव्याच्या रेणूचे एक टोक जलस्नेही, तर दुसरे जलद्वेषी असते. अशा रेणूंच्या सूक्ष्म पिशवीच्या, म्हणजेच लायपोसोमच्या भिंतीत औषध बसवले की ते पाण्यात विखुरते आणि मूत्रपिंडाची हानी कमी होते.

या संशोधनाचे भारतीय कार्य येथून जवळच, दिल्ली विद्यापीठाच्या दक्षिण परिसरात झाले. बी. के. बछावत यांच्या संशोधनाला मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या रुग्णचाचण्यांची जोड मिळाली. त्यातून ‘फंगिसोम’ हे देशी औषध आले. पुढे २००७ मध्ये केंद्र सरकारने पाच वर्षांसाठी १,००० कोटी रुपयांच्या नॅनो मिशनला मंजुरी दिली.

ज्ञान देशात होते. तरीही २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसचे रुग्ण वाढताच या औषधाचा तीव्र तुटवडा भासला. महाराष्ट्र व गुजरातला त्याची मोठी झळ बसली. केंद्राला राज्यनिहाय वाटप करावे लागले. वर्ध्यात इमल्शन स्वरूपातील इंजेक्शनचे उत्पादन सुरू झाले. १२ जून २०२१ रोजी वस्तू व सेवा कर परिषदेने या औषधावरील कर ५ टक्क्यांवरून शून्यावर आणण्याचा निर्णय घेतला.

येथे अर्थशास्त्राचा मूलभूत धडा आहे. करमाफीने किंमत उतरते. पुरवठा मात्र लगेच वाढत नाही. शुद्ध मेदद्रव्य, कणांचा एकसारखा आकार आणि निर्जंतुक प्रक्रिया यांची व्यवस्था आठवडाभरात उभी राहत नाही. एरवी मागणी अल्प असल्याने खासगी उत्पादक जादा क्षमता बाळगत नाहीत. म्हणूनच अशा औषधांची नियमित सार्वजनिक खरेदी आणि राखीव साठा आवश्यक ठरतो. संशोधनावरील सार्वजनिक खर्चाचे खरे मोजमाप प्रयोगशाळेत नव्हे, तर जिल्हा रुग्णालयातील खाटेपाशी होते.