"थोडं थांब ना..." म्हणजे नक्की किती?

कानात इअरफोन असतील तर आवाज जरा कमी करा, आजचा विषय शेजारच्याला ऐकू जायला नको.

तुमच्या व्हॉइस नोट्समध्ये एक प्रश्न सारखा येतोय. "ताई, तो म्हणतो थोडं थांब. मी थांबू का?" 'तो'च्या जागी 'ती' असलेल्याही बऱ्याच आहेत, बरं का.

मी उलट विचारते, थांबायचं कशासाठी? सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसणारा मुलगा म्हणाला, "मेन्स झाली की घरी बोलतो," तर ठीक आहे. मेन्सला तारीख असते. पण "पोस्ट निघू दे" म्हणाला, तर जरा सावध. पूर्व, मुख्य, मुलाखत, आणि कुठेतरी अडकलं की परत पहिल्यापासून. एमपीएससीची वयोमर्यादा खुल्या गटाला साधारण ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ आहे. म्हणजे हे "थांब" कागदोपत्री तिथपर्यंत जाऊ शकतं! म्हणून त्याला रिझल्टचं विचारूच नका. "पोस्ट नाहीच निघाली, तर आपलं काय?" हे विचारा. याचं उत्तर आज देता येतं. त्यासाठी आयोगाची जाहिरात यावी लागत नाही.

दुसरं कारण म्हणजे घरचे. जात वेगळी असेल, धर्म वेगळा असेल, तर हिंमत होत नाही. याला लगेच "भित्रा आहे" म्हणून मोकळं होऊ नका, प्लीज. भीती खरी असते. विशेष विवाह कायदा १९५४ पासून आहे, पण त्यातसुद्धा ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि ती विवाह अधिकाऱ्याच्या ऑफिसात लावतात. गावात कोणी बघितली तर? हा विचार येणारच. पण घाबरलेला माणूससुद्धा थोडं थोडं सरकतो. आईला नाही, तर बहिणीला सांगतो. एखाद्या मामाचा अंदाज घेतो. तुम्हाला मित्रांच्या ग्रुपमध्ये तरी नावानिशी ओळख करून देतो. गेल्या सहा महिन्यांत असं काय सरकलं ते आठवा. नुसतं "आय लव्ह यू, पण..." सरकण्यात धरायचं नाही.

आणि मग येतं ते नेहमीचं. "चार वर्षं झाली ताई, आता कसं सोडू?"

आर्क्स आणि ब्लूमर या दोघांनी १९८५ मध्ये यावर एक मस्त प्रयोग छापला. नाटकाच्या सीझन तिकिटांवर काहींना सवलत दिली, काहींना पूर्ण पैसे द्यावे लागले. पूर्ण पैसे भरलेले लोक सीझनच्या पहिल्या अर्ध्यात जास्त नाटकांना गेले. नाटकं तीच होती, हं! फक्त पैसे जास्त गेले होते. तुमची चार वर्षंही तशीच गेलेली आहेत, थांबलात तरी आणि निघालात तरी. मोजायचं असेल तर पुढचं वर्ष मोजा.

मला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो सांगू? थांबणारी व्यक्ती स्वतःचं सगळं बंद करून बसते. बंगळूरूची ऑफर आली, नको, तो इथे आहे. एम.ए.चा फॉर्म, बघू नंतर. अरे, त्याची परीक्षा आहे, तुझी नाही ना! थांबायचं तर थांबा, पण फॉर्म भरा.

विचारायचं कसं? भांडणात नको, रात्री दीडच्या चॅटवर तर अजिबात नको. समोर बसून, चहा घेता घेता विचारा. "मी दिवाळीपर्यंत थांबायला तयार आहे. तोपर्यंत तू घरात एका माणसाशी बोलशील का?" धमकी द्यायची नाही, पण तारीख सांगायची. आणि ती तारीख मनापासून ठरवलेली असेल तरच सांगा, कारण दिवाळीनंतर "बरं, होळी" झालं की पुढच्या तारखा तो ऐकणारच नाही.

समोरून "मला माहीत नाही" आलं तर? तेही उत्तर आहे. लगेच समजूत घालायला धावू नका. घरी या, जेवा, झोपा. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःला कसं वाटतंय ते बघा, आणि मग मला व्हॉइस नोट पाठवा. दोन मिनिटांच्या आत हं, मागच्या वेळी एकीने अकरा मिनिटांची पाठवली होती!