सुरी, छुरी आणि चाकू

आज बोलायचं आहे स्वयंपाकघरातल्या एका लहानशा वस्तूबद्दल. माझी आई तिला 'छुरी' म्हणायची, शेजारच्या काकू 'चाकू' म्हणायच्या. छुरी काय, मराठीतली सुरी काय, दोघींचं मूळ संस्कृतात. चाकू आला फारसीतून. म्हणजे आमच्या घरी संस्कृतचं पातं आणि काकूंच्या घरी फारसीचं! कांदा मात्र दोन्हींनी सारखाच चिरला जाई, आणि डोळ्यांना पाणीही सारखंच येई.

मराठीत कापायच्या हत्यारांना तोटा नाही. न्हाव्याचा वस्तरा फारसी, सुपारीचा अडकित्ता कानडी, कात्री संस्कृत कर्तरीची लेक. विळीचा थाट निराळा. तिचं पातं जागचं हलत नाही, भाजीलाच तिच्याकडे जावं लागतं. दोघांचं हाडवैर असलं की आपण विळ्या-भोपळ्याचं सख्य म्हणतो ते उगीच नाही.

आणि कोयता? ऊसतोडीला निघालेल्या नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. फडात राबतात दोन माणसं, हिशेबाच्या वहीत मात्र एक हत्यार.

गंमत अशी की, सगळ्यात वाईट घातासाठी मराठीला यातलं एकही हत्यार लागत नाही. विश्वासघात करणारा 'केसानं गळा कापतो'. धारेपेक्षा माणसाची नियत जास्त कापते, हे भाषेला ठाऊक आहे.

मला ते १९९३च्या जानेवारीत कळलं. मुंबईत दंगल पेटलेली. मी तेव्हा नुकताच बी. ए. झालो होतो. आमच्या चाळीत झडती सुरू झाली. एका हवालदारानं ओट्यावरची आईची छुरी उचलली आणि कागदावर लिहिलं, 'एक धारदार शस्त्र'. आई थरथरत म्हणाली, "साहेब, छुरी आहे ती. भाजी चिरायची." तो मान वर करेना.

तेवढ्यात दारातून काकूंचा आवाज आला, "अहो, परवाच भोपळा चिरायला मी नेली होती ती. मग माझंही नाव लिहा त्यात."

हवालदार थांबला. त्यानं काकूंकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. मग लिहिलेली ओळ खोडली, छुरी ओट्यावर ठेवली आणि काही न बोलता निघून गेला.

वस्तू तीच होती. एका शब्दानं तिचं शस्त्र झालं आणि दुसऱ्या शब्दानं ती परत स्वयंपाकघरात आली. मधल्या दोन-तीन मिनिटांत आमच्या घराचं काय झालं असतं, याचा विचार आजही करवत नाही.

आई गेली, काकूही गेल्या. छुरी माझ्याकडे आहे. धार लावून लावून पातं बोटाएवढं उरलंय. कविता लिहिताना एखादा धारदार शब्द सहज हाताशी येतो, तेव्हा मी क्षणभर थांबतो. ती खोडलेली ओळ आठवते. मग तो शब्द कोणाच्या ओट्यावरचा आहे, हे आधी विचारून घेतो.